६० विद्यार्थ्यांचा वर्ग ओपनसिम्युलेटरवर घ्यायचा असेल तर कुठे अडतं?

तुमचा प्रश्न असा: पदवीच्या ६० विद्यार्थ्यांसाठी मुक्तस्रोत आभासी जग स्वतःच्या सर्व्हरवर उभारायचं आहे, कोणतं घ्यावं आणि तयारी काय लागेल?

विद्यार्थी सत्रभर त्या जगात येऊन-जाऊन काही बांधणार असतील, तर ओपनसिम्युलेटर घ्या. तासाभरासाठी एखाद्या मॉडेलभोवती फिरून यायचं असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारं हब्स पुरे. तिथे काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पण एका खोलीत साधारण पंचविसाच्या वर माणसं नेऊ नयेत. मोझिलाने हब्सची स्वतःची सेवा ३१ मे २०२४ रोजी बंद केली. कोड मुक्त असल्यामुळे तो जिवंत आहे, मात्र स्वतः चालवायचा तर कुबरनेटीस (सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणारी प्रणाली) हाताळणारं कुणीतरी हवं. व्हीआर हेडसेटवरच शिकवायचं असेल तर ओव्हर्टे हे मुक्तस्रोत आभासी जग बघा. इथून पुढचं सगळं ओपनसिम्युलेटरबद्दल.

हा सर्व्हर २००७ पासूनचा, सी शार्पमध्ये लिहिलेला आणि बीएसडी परवान्याचा. तो सेकंड लाइफ या व्यावसायिक आभासी जगाचीच भाषा बोलतो, त्यामुळे फायरस्टॉर्मसारखे तयार व्ह्यूअर, म्हणजे विद्यार्थ्याच्या यंत्रावरून त्या जगात शिरायचे प्रोग्रॅम, चालतात. फक्त डाउनलोड करताना फायरस्टॉर्मची ओपनसिम, म्हणजे ओपनसिम्युलेटरसाठीची आवृत्ती निवडा. केवळ सेकंड लाइफसाठीची घेतली तर तुमच्या सर्व्हरवर लॉगिनच होणार नाही, आणि साठातले दहा जण ती हमखास घेऊन येतात. दुवा तुम्हीच द्या, 'शोधून घ्या' म्हणू नका.

सर्व्हर उभा करणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. आवृत्ती ०.९.३ पासून तो चालवायला मोनो लागत नाही, मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट ८ लागतं. नमुना कॉन्फिगरेशन फायलींच्या शेवटचं 'एक्झाम्पल' काढून त्या वापरायच्या, स्टँडअलोन मोड (सगळं एकाच प्रक्रियेत) ठेवायचा, पहिल्या सुरुवातीला कन्सोल, म्हणजे सर्व्हरची आज्ञा-खिडकी, रीजनचं (जगातल्या जमिनीच्या एका चौकोनाचं) नाव, जागा आणि पोर्ट विचारतो ते भरायचं. डेटाबेस मूळचा एसक्यूलाइट असतो. तो एकट्याने चाचणी घ्यायला ठीक, वर्गासाठी पहिल्याच दिवशी मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर जा, कारण मध्येच बदलायचं म्हणजे खाती पुन्हा करत बसणं आलं. चार कोअर आणि ८ जीबी मेमरीचं यंत्र तीसेक जणांच्या एका रीजनला पुरतं. साठच्या साठ एकदम आणण्यापेक्षा तीस-तीसच्या दोन तुकड्या करा. एकाच वेळी सगळे हवेच असतील तर दोन स्वतंत्र प्रक्रिया आणि त्यामागे रोबस्ट हा मध्यवर्ती सर्व्हर, म्हणजे ग्रिड मोड, मांडावा लागेल. पहिल्या सत्रात ती डोकेदुखी घेऊ नका. घेतलीच तर रोबस्टचं ८००३ हे पोर्ट बाहेर उघडं ठेवायचं नाही, ते सर्व्हरांच्या आपसातल्या बोलण्यासाठी आहे.

खरं अडतं ते नेटवर्कवर. लॉगिन ९००० पोर्टवर टीसीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीने होतं, पण रीजनशी होणारी देवाणघेवाण त्याच क्रमांकावर यूडीपी या दुसऱ्या पद्धतीने चालते. संस्थेच्या फायरवॉलमध्ये टीसीपी उघडलं आणि यूडीपी राहिलं, तर पासवर्ड स्वीकारला जातो, पट्टी पुढे सरकते आणि 'रीजन हँडशेक'ची वाट पाहत तिथेच थांबते. हे चिन्ह दिसलं की पासवर्ड बदलत बसू नका, थेट यूडीपी तपासा. प्रत्येक रीजनला स्वतःचं पोर्ट लागतं. म्हणून २५६ मीटरच्या चार रीजनऐवजी ५१२ बाय ५१२ मीटरचं एकच मोठं रीजन घेतलं, तर नेटवर्क विभागाकडे एकाच पोर्टसाठी अर्ज करावा लागतो.

दुसरी खोड रीजनच्या 'एक्सटर्नलहोस्टनेम' या सेटिंगची, म्हणजे व्ह्यूअरला दिल्या जाणाऱ्या पत्त्याची. तिथे मुळात 'सिस्टिमआयपी' असतं, म्हणजे यंत्राचा आतला पत्ता. त्यामुळे संस्थेच्या आत सगळं सुरळीत आणि घरून कुणालाच आत येता येत नाही. बाहेरचा पत्ता घातला की उलट होऊ शकतं: राउटरमध्ये लूपबॅक (आतून बाहेरच्या पत्त्यावर जाऊन परत आत येण्याची सोय) नसेल तर आतलेच अडकतात. उपाय म्हणजे डोमेन नाव घालायचं आणि आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) त्याच नावाला आतला पत्ता द्यायचा. वर्गाच्या आदल्या आठवड्यात तीन ठिकाणांहून लॉगिन करून बघा: प्रयोगशाळा, संस्थेचं वायफाय आणि मोबाइल डेटा.

खाती हाताने करू नका. 'क्रिएट यूजर'च्या ओळी एका मजकूर फाइलमध्ये लिहून 'कमांड-स्क्रिप्ट'ने एकदम चालवता येतात. ओळीत नाव, आडनाव, पासवर्ड, ईमेल, ओळख क्रमांक आणि शेवटी नमुना अवतार असं सगळं भरा, काही सुटलं तर कन्सोल दर खात्याला थांबून विचारत बसतो. नमुना अवतार दिला की नवीन खात्याला त्याचेच कपडे आणि देह मिळतो. हे वगळलंत तर पहिला तास 'सर, मी ढगच दिसतोय' यात जातो, कारण देह न उतरलेला अवतार ढगासारखा दिसतो. तरीही कुणी ढग राहिलाच तर कंट्रोल-ऑल्ट-आर दाबायला सांगा. आणखी एक, साध्या मांडणीत लॉगिन एन्क्रिप्शनशिवाय जातं, तेव्हा ईमेलचाच पासवर्ड इथे वापरू नका हे स्पष्ट सांगा.

आता जागेची मापं. व्ह्यूअरचा कॅमेरा अवताराच्या मागे आणि थोडा वर असतो. तुम्ही खऱ्या घरासारखं तीन मीटरचं छत आणि एक मीटरचं दार केलंत, की अवतार आत आणि कॅमेरा भिंतीत. छत पाच मीटर, दार दोन मीटर रुंद आणि तीन उंच, जिने टाळून उतार, असं ठेवा. वास्तुशास्त्रासारख्या विषयात खरं माप दाखवायचंच असेल तर मॉडेल एकास एक ठेवा आणि विद्यार्थ्यांना 'एम' कळ दाबून डोळ्यांच्या पातळीवरून बघायला सांगा. खुर्च्यांच्या रांगा असलेलं सभागृह मात्र बांधूच नका. साठ अवतार एका फळ्याकडे तोंड करून बसवायचे असतील तर व्हिडिओ कॉल बरा, आणि तो अडखळतही नाही. इथे काम द्यायचं ते जागेशिवाय होणारच नाही असं: अपघातस्थळी कोणाला आधी हलवायचं हे ठरवणं, उत्खननाचा चर थर मोजत खाली नेणं, परक्या भाषेत वाट विचारत ठिकाण गाठणं.

गटकामासाठी आवाजाचं अंतर वापरा. टाइप केलेलं साधं बोलणं २० मीटरपर्यंत दिसतं, कुजबुज १०, ओरडणं १०० मीटर. हे आकडे कॉन्फिगरेशनमध्ये बदलता येतात. भिंत हे बोलणं अडवत नाही, फक्त अंतर अडवतं. म्हणून शेजारशेजारच्या बंद खोल्यांत गट बसवले तर सगळ्यांचं सगळ्यांना दिसतं आणि पडद्यावर गोंधळ माजतो. २५६ मीटरच्या रीजनमध्ये ४० मीटरवर एक टेबल धरलं तर एका ओळीत सहा बसतात, म्हणजे तीस जणांचे पाच गट आरामात. अंतर उंचीतही मोजलं जातं, त्यामुळे जागा कमी असेल तर टेबलं एकावर एक ३० मीटरच्या फरकाने हवेत तरंगती ठेवा. सगळ्यांना काही सांगायचं असेल तेव्हा शिक्षकाने मधल्या जागेवरून ओरडावं, किंवा ग्रुप चॅट वापरावं. ऐकण्याच्या आवाजाची सोय वेगळी जोडावी लागते. सुरुवातीला शेजारी एक साधा ऑडिओ कॉल चालू ठेवणं कमी त्रासाचं.

स्लाइड दाखवायची वेळ आलीच, तर चित्र आधीच १०२४ बाय १०२४ पिक्सेल करून घ्या. दोनाच्या घातात नसलेलं माप व्ह्यूअर स्वतः बदलतो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. चौकोनी चित्र चारास तीनच्या फळ्यावर लावलं की ताणलं जाऊन प्रमाण बरोबर दिसतं. स्लाइड बदलल्यावर काही सेकंद राखाडी ठिपका दिसतो तो टाळायला पुढची स्लाइड त्याच फळ्याच्या एखाद्या बारीक कडेवर लावून ठेवा, सगळ्यांकडे ती आधीच उतरलेली असते. असं प्रत्येक चित्र ग्राफिक्स मेमरीत सुमारे ४ एमबी खातं. चाळीस पोस्टरांचं प्रदर्शन म्हणजे १६० एमबी, आणि मामुली लॅपटॉप इथेच धापा टाकू लागतो. सावल्या बंद, दृश्य अंतर ६४ मीटर, ही सेटिंग पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून करून घ्या. फळ्यावर वेबपान लावता येतं, पण ते प्रत्येकाच्या यंत्रावर वेगळं उघडतं. तुम्ही खाली सरकवलं म्हणून त्यांचं सरकत नाही.

सर्व्हर मंदावला तर आधी स्क्रिप्टा, म्हणजे वस्तूंत घातलेले छोटे प्रोग्रॅम, बघा. दर दशांश सेकंदाला चालणारा टायमर, आजूबाजूचे अवतार सतत शोधणारा सेन्सर, आणि शून्य क्रमांकाच्या चॅनलवर प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य ऐकत बसलेल्या वीस वस्तू, नेहमीचे आरोपी हेच. टायमर एका सेकंदावर आणा, वस्तूंना आपसात बोलायला ऋण क्रमांकाचा चॅनल द्या. स्क्रिप्टने मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम-प्रणालीला गुण पाठवायचे असतील आणि मूडल आतल्या नेटवर्कवर असेल, तर विनंती गुपचूप फेटाळली जाते. स्क्रिप्टांना खासगी पत्त्यांशी बोलायला मुळातच बंदी आहे, कॉन्फिगरेशन फाइलच्या 'नेटवर्क' या भागात त्या पत्त्याचा अपवाद लिहावा लागतो. मूडल जोडण्यासाठी स्लूडल नावाचा जुना प्रकल्प दिसेल, पण नव्याने त्याच्यावर विसंबू नये. जागेचा फोटो आणि दोनशे शब्दांचं टिपण मूडलमध्ये टाकायला लावलं तरी मूल्यमापन होतं.

पहिल्या वर्गात शिकवायचं काहीच ठेवू नका. चालणं, कॅमेरा फिरवणं, बसणं, बोलणं, एक ठोकळा बनवून त्यावर नाव घालणं, एवढ्यातच पाऊण तास जातो. दहा-दहा जणांना दोन मिनिटांच्या अंतराने आत सोडा, सगळे एकदम शिरले की सर्व टेक्सचर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) एकाच वेळी मागितली जातात आणि सर्व्हर बंद पडला असं वाटतं. बांधकामाची परवानगी जमिनीच्या ठरावीक तुकड्यापुरतीच ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी प्रवेशद्वारात कुणाचा तरी डायनोसॉर उभा असतो.

ज्याचं यंत्र त्रिमितीय चित्र पेलत नाही, किंवा ज्याला पडदा दिसत नाही, त्याच्यासाठी रॅडेगास्ट हा मजकुरावर चालणारा व्ह्यूअर आहे. त्यातून चॅट आणि आसपासच्या वस्तूंची यादी मिळते, त्यामुळे वस्तूंना 'ऑब्जेक्ट' असं ठेवण्यापेक्षा खरी नावं द्या.

दर आठवड्याला 'सेव्ह ओएआर' करा, म्हणजे रीजनची प्रत एका फाइलमध्ये काढा, आणि फाइलच्या नावात तारीख घाला. त्यात जमीन, वस्तू, स्क्रिप्टा, टेक्सचर सगळं येतं, पण खाती आणि विद्यार्थ्यांच्या पिशवीतला (इन्व्हेंटरीतला) माल येत नाही. खात्यांसाठी डेटाबेसची प्रत आणि मालासाठी आयएआर ही फाइल वेगळी घ्या. दुसऱ्या सर्व्हरवर ओएआर फाइल उघडली आणि तिथे मूळ मालकांची खाती नसली, तर वस्तू इस्टेटच्या, म्हणजे त्या जमिनीच्या, मालकाच्या नावावर जातात. कोणी काय बांधलं यावर गुण द्यायचे असतील, तर ती यादी आधीच उतरवून ठेवलेली असावी.

नेटवर फुकट मिळणाऱ्या तयार ओएआर फायली मोहात पाडतात. सर्व्हरचा परवाना मुक्त आहे म्हणून आतल्या इमारती मुक्त होत नाहीत. बऱ्याच दुसरीकडून उचललेल्या असतात. परवाना लिहिलेला नसेल तर रिकाम्या बेटावर चार ठोकळे मांडून सुरुवात करा.