एकट्यानं बघू नकोस

सांगली

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजच्या कट्ट्यावर सगळ्यांदेखत तू मित्राला म्हणालास, "तू माझ्या नजरेतून उतरलास. तुझा-माझा विषय संपला." पोरांनी टाळ्या वाजवल्या. महिना झाला, तो तुझ्याशी बोलत नाही. आणि तू मला विचारतोस, "सर, मी तर तोंडावर खरं तेच बोललो. मग चुकलं कुठं?"

ते वाक्य तुझं नव्हे, बाळा. तुझ्या वडिलांना मी तीन वर्षं मराठी शिकवलंय. तुमच्या घरात कुणी असं बोलत नाही, कराडात कुणी बोलत नाही. माणसं एका घरात कोंडून त्यांची भांडणं रोज रात्री दाखवतात ना, तिथली ही भाषा. दिवसभराचं चित्रण कापून ते तासाभरात बसवतात. भांडणानंतर कोण रात्रभर जागं राहिलं, ते कापण्यात जातं. आणि हे तू कसं बघतोस, तेही तूच लिहिलंयस : ताट खोलीत नेऊन, दार लावून. माझं सगळं म्हणणं त्या दाराबद्दल आहे. एकट्यानं बघू नकोस.

1965 साली अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. लहान मुलांना त्यानं फिल्म दाखवली. तीत एक माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बडवतो. काही मुलांना त्या माणसाला बक्षीस मिळताना दाखवलं, काहींना शिक्षा होताना. शिक्षा पाहिलेली मुलं बाहुलीच्या वाटेला कमी गेली. पण 'पाहिलंत तसं करून दाखवा, खाऊ देतो' म्हटल्यावर त्यांनीही इतर मुलांइतकंच करून दाखवलं. शिकून आधीच झालं होतं. निमित्त तेवढं हवं होतं. तुझ्याभोवती पोरं उभी होती, टाळी पडणार हे तुला ठाऊक होतं. निमित्त मिळालं.

1987 साली दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, तेव्हा वाड्यात टीव्ही आमच्याकडेच होता. रविवारी सकाळी सोप्यात बसायला जागा नसायची, अंगणात चपलांचा ढीग. माझी आई पडद्यावरच्या कैकेयीला मोठ्यानं म्हणायची, "अगं बाई, पोराला वनात धाडतीस?" मग शेजारच्या काकू कैकेयीची बाजू घ्यायच्या, आणि मालिका संपल्यावरही अर्धा तास वाद चालायचा. वाईट वागणं पडद्यावर तेव्हाही होतंच. शेजारी बोलणारं माणूस होतं. तुझ्या शेजारी कोण असतं?

पुढं 2002 साली मीच चूक केली. आमच्या मालिका आणि मुलाच्या मॅच यांची रोजची भांडणं नकोत म्हणून आठवीतल्या पोराच्या खोलीत दुसरा सेट बसवला. घर शांत झालं. त्या शांततेचं मला कौतुक वाटायचं, हे आज लिहितानाही जड जातंय. वर्षाभरात ताट आत जायला लागलं. पाहुणे आले तरी तो बाहेर येईना. आता पुण्याला असतो, रविवारी फोन करतो, माझं बीपी विचारतो आणि ठेवतो. त्या काळी ज्याला परवडलं त्यानं तेच केलं. शाळा, शिकवण्या, घराचे हप्ते, यात मला उसंत नव्हती. मुलगा शिकला, चांगली नोकरी लागली. माझा हेतू वाईट नव्हता. पण दार लावून बसायची सवय त्याला मीच लावली, आणि म्हणून तू कंटाळलास तरी मी हेच सांगणार : एकट्यानं बघू नकोस.

टीव्ही फोडून टाक, असं मी म्हणत नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं. भोंगा मला आवडला, पण त्याहून आवडलं ते गावानं मिळून ठरवणं. पडदा चांगलंही शिकवतो. आपल्या देशातल्या खेड्यांत केबल आल्यावर बायकांच्या शब्दाला घरात वजन आलं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, असं जेन्सन आणि ऑस्टर या अर्थतज्ज्ञांना आढळलं. तेव्हा मला जुन्या वळणाचा म्हणून बाजूला सारू नकोस.

'सॉरी'चा मेसेज धाडलास तर माझ्याशी बोलू नकोस. उद्या आठच्या सुमारास त्याच्या घरी जा. त्याची आई काही विचारणार नाही, चहा टाकेल. तिथं टीव्हीवर जे लागलं असेल ते त्याच्या शेजारी बसून बघ. मालिका असली तर मालिका. पहिला अर्धा तास तो बोलणार नाही. उठू नकोस.

मी या रविवारी पुण्याला निघालोय. मुलाला सांगितलेलं नाही. दुपारी मॅच आहे.

तुझा,
सर