मध्ययुगातल्या चर्चमध्ये मेणबत्त्या आणि रंगीत काचांना एवढं महत्त्व का होतं?

सजावट म्हणून नाही, उजेड हा प्रार्थनेचाच भाग होता. बायबलमध्ये येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो ना, ते लोकांना डोळ्यांनी दिसायचं. बरीचशी चर्चेस पूर्वेकडे तोंड करून बांधायचे, म्हणजे सकाळचं ऊन थेट वेदीच्या बाजूने आत यायचं.

सगळ्यात भारी मला ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचा आठवडा वाटतो. त्यातल्या शेवटच्या तीन दिवसांत पहाटेच्या प्रार्थनेत एकेक स्तोत्र झालं की एकेक मेणबत्ती विझवत जायचे, शेवटची न विझवता वेदीमागे लपवायचे आणि मग परत आणायचे, येशूचा मृत्यू आणि पुनरुत्थान दोन्ही त्यात आलं. मग शनिवारी रात्री सगळं चर्च अंधारात, नवीन आग पेटवायची, त्यावरून मोठी ईस्टर मेणबत्ती लावायची आणि तिची स्तुती गायची, त्या गाण्यात चक्क मधमाश्यांचाही उल्लेख आहे कारण मेणबत्ती मधमाश्यांच्या मेणाची असायची. हे मेण महाग, गरिबाघरी चरबीच्या धुरकट बत्त्या, त्यामुळे तो स्वच्छ उजेड बघून लोकांना काय वाटत असेल बघा.

काचांचं म्हणाल तर पॅरिसजवळच्या सेंट डेनिसमध्ये मठाधिपती सुजेरने चर्चचा पूर्वेकडचा भाग मोठ्या खिडक्यांचा करून घेतला, 1144 मध्ये पूर्ण झाला, गॉथिक शैली तिथूनच सुरू झाली असं मानतात. दिसणाऱ्या उजेडातून मन देवाच्या खऱ्या प्रकाशाकडे जातं हा त्याचा विचार होता.

आणि हे फक्त पाद्र्यांपुरतं नव्हतं, 2 फेब्रुवारीला आशीर्वाद दिलेल्या मेणबत्त्या लोक घरी न्यायचे, वादळात किंवा कुणी मरणाच्या दारात असलं की लावायचे.