घरी केलेले बटाटेवडे तेलकट होतात, गाडीवरच्यासारखे कसे करायचे?

बहुतेक वेळा गडबड पिठात आणि तेलात असते. १ वाटी बेसनाला पाणी पाऊण वाटीच्या आतच लागतं. बोट बुडवून काढलं की पीठ जाडसर चिकटून राहिलं पाहिजे. सोडा चिमूटभरच, जास्त झाला की वडा तेल पितो. तेलात पिठाचा थेंब टाकून बघा. लगेच वर आला तर वडे सोडा, तळाशी बसला तर थांबा. बटाटे पूर्ण गार करून हातानेच कुस्करा. आणि कढईत सुटलेला बेसनाचा चुरा फेकू नका हो! लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ घालून भरड वाटा, गाडीवरच्या चटणीची अर्धी चव त्यातच असते. पाव मात्र लादीचाच घ्या.