सहा लाख अकादमीत घालू की एमपीएड करू? इंदूरच्या एका व्हॉलीबॉल कोचला उत्तर

पत्र थोडक्यात असं: "वय 31. इंदूरच्या एका खासगी कॉलेजात सहा वर्षं व्हॉलीबॉलचा असिस्टंट कोच आहे. मानधन 24,000, हातात 21,600, तेही जुलै ते एप्रिल. सकाळच्या बॅचमधून खर्च जाऊन महिना 9,000 सुटतात, मे महिन्याच्या शिबिरात 30,000. बायको शाळेत शिकवते, तिला 21,000. घर वडिलांचं, खर्च 34,000, मुलगा तीन वर्षांचा. एफडीत 5.80 लाख, म्युच्युअल फंडात 1.20 लाख. मित्र बायपासला अकादमी काढतोय; सहा लाख घाल, 40 टक्के भागीदारी देतो म्हणतो. माझ्या मनात मात्र नोकरी सोडून दोन वर्षं ग्वाल्हेरला एमपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, करायचं आहे. काय करू?" सुदामा नगरातून.

तुमचं पत्र वाचताना माझी नजर आधी 21,600 वर अडली. चोवीस हजारांतून बरोबर दहा टक्के वजा. म्हणजे कॉलेजच्या लेखी तुम्ही पगारदार नाहीच. कोच, पंच, खेळाडू यांच्या व्यावसायिक शुल्कावर जो टीडीएस कापतात, तो तुमचा कापला जातोय. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, मे-जून कोरडे, हे सगळं त्याच एका ओळीतून येतं. सहा वर्षं पोरांच्या हातात बॉल नीट बसवलात, संघ घेऊन गावोगाव हिंडलात आणि कागदावर अजून बाहेरचेच आहात. याचं मला मनापासून वाईट वाटलं.

ते कापलेले पैसे आधी परत मागा. एफडीचं व्याज सोडून तुमचं वर्षाचं उत्पन्न सगळं मिळून 3.78 लाख होतं. व्याज मिळवलं तरी, नव्या करप्रणालीत आता सवलत धरून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. म्हणजे वर्षाचे 24,000 तुमचे आहेत, पण रिटर्न भरल्याशिवाय ते मिळणार नाहीत. मुदत चुकली असली तरी त्या वर्षाचं रिटर्न 31 डिसेंबरपर्यंत उशिराने भरता येतं. त्याआधीच्या वर्षांसाठी विलंब माफ करण्याचा अर्ज असतो. 'अपडेटेड रिटर्न भरून परतावा काढून देतो' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्या रिटर्नमध्ये परतावा मिळत नाही.

आता अकादमी. मित्राचा हिशेब तुम्ही पाठवलात ते बरं केलंत. साठ मुलं, प्रत्येकी हजार, म्हणजे महिना 60,000. जागेचं भाडं 22,000, चौकीदार 9,000, वीज 4,000, दोन ज्युनिअर कोच 12,000. उरले 13,000, त्यातले तुमचे 5,200. वर्षाला 62,400, म्हणजे सहा लाखांवर दहा टक्क्यांच्या थोडं वर. कागदावर छान दिसतं. पण त्या कागदावर पाऊस कुठेच नाही. मातीचं कोर्ट, उघडं मैदान आणि इंदूरचा जुलै ते सप्टेंबर! या तीन महिन्यांत निम्मी मुलं आली असं धरा, तर 90,000 गेले. वर्षाला उरतात 66,000, तुमच्या वाट्याला 26,400. साडेचार टक्केही नाहीत, एफडीत याहून जास्त मिळतं. आणि यात तुम्ही स्वतः रोज तीन तास उभे राहणार त्याचा एक पैसाही धरलेला नाही.

त्याहून मोठी गोष्ट लीजची. करार 11 महिन्यांचा आहे आणि तुमच्या सहा लाखांतले बहुतेक फ्लडलाइटचे खांब, जाळी आणि कोर्टाच्या भरावात जाणार. एका कोर्टाला 18 बाय 9 मीटर, भोवतीची तीन-तीन मीटर मोकळी जागा धरून 24 बाय 15 लागतात. एवढ्याच जागेत बॉक्स क्रिकेटवाला संध्याकाळचे तास विकून जास्त भाडं देऊ शकतो. जमीनमालकाने करार वाढवला नाही, तर खांब उपटून कुठे नेणार? मित्राला नाही म्हणणं जड जाईल, कळतं मला. म्हणून उलट प्रस्ताव ठेवा: पैसे न घालता शनिवार-रविवारची बॅच मी घेतो, प्रत्येक मुलामागे ठरलेला वाटा दे. अकादमी चालली तर तुम्हालाही मिळेल, बुडाली तर तुमची बचत शाबूत.

एमपीएडचा विचार मात्र अगदी बरोबर आहे, आणि उशिरा का होईना, तो केलात याचा आनंद वाटला. सरकारी कॉलेजातल्या क्रीडा अधिकाऱ्याचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. त्या दारासाठी शारीरिक शिक्षणात 55 टक्क्यांसह एमपीएड लागतं, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि विद्यापीठ किंवा कॉलेजकडून खेळल्याची नोंद लागते. ती नोंद तुमच्याकडे आहे. मैदानी चाचणीही असते: तिशीपुढच्या, चाळिशीपर्यंतच्या पुरुषांना 12 मिनिटांत 1500 मीटर. डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वात महागडी वस्तू तीच. फिजिओकडे हा महिना जाऊ देऊ नका आणि अपघात विमा आजच घ्या. तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला पैसे देणारा घ्या, नुसता मृत्यूचा नको.

ग्वाल्हेरचं आकर्षण मला समजतं. 1957 पासूनची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था, ती मैदानं, तिथल्या ओळखी. पण हिशेब बघा. घरात फक्त 21,000 येणार, खर्च 34,000, म्हणजे दरमहा 13,000 ची तूट, दोन वर्षांत 3.12 लाख. तुम्ही धरलेले शिक्षणाचे 2.40 लाख मिळवले की 5.52 लाख जातात. सात लाखांतले 1.48 उरतील, घराच्या चार महिन्यांपुरते. परत आलात की कॉलेजची जागा गेलेली, आणि क्रीडा अधिकाऱ्यांची जाहिरात काही दरवर्षी निघत नाही. त्या वाट बघण्यासाठीच तर पैसा हातात हवा!

मी तुमच्या जागी असतो तर एमपीएड इंदुरातच केलं असतं. तुमच्या यादीतले 1.20 लाख वसतिगृह आणि मेसचेच आहेत, ते वाचतात. कॉलेजचा सराव संध्याकाळी असतो, तो बहुधा सांभाळता येईल. मानधन थोडं कमी करा पण जागा ठेवा, असं प्राचार्यांशी आत्ताच बोला. सकाळची बॅच एखाद्या जुन्या खेळाडूला अर्ध्या वाट्यावर द्या. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाला एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता आहे ना, तेवढं स्वतः तपासा. 'हजेरी न लावता एमपीएड' विकणारे भेटतील, त्यांच्या कागदाला पडताळणीत काही किंमत नाही. नेट मात्र पदवी हातात येईपर्यंत थांबवू नका, शेवटच्या वर्षात बसता येतं. खुल्या गटात असाल तर तुमचं वय जेआरएफच्या, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीच्या, मर्यादेबाहेर गेलंय, पण नुसत्या पात्रतेला वयाची अट नाही.

एफडीतले 2 लाख वेगळ्या खात्यात काढून ठेवा आणि त्यांना हात लावू नका. दोन वर्षांचे मे-जून त्यातून निघतील. म्युच्युअल फंडातले 1.20 लाख आहेत तिथेच राहू द्या. टर्म विमा पत्रात कुठे दिसला नाही. मुलगा तीन वर्षांचा आहे, 50 लाखांचा तरी घ्या, या वयात हप्ता पेलतो.

एक काम या आठवड्यातलं. सहा वर्षांत ज्या ज्या स्पर्धेला संघासोबत गेलात, त्या प्रत्येकीचं कोच किंवा मॅनेजर म्हणून नेमणुकीचं पत्र कॉलेजच्या ऑफिसातून सही-शिक्क्यानिशी घ्या. उद्या अतिथी क्रीडा अधिकारी म्हणून अर्ज करायचा झाला तर अनुभवाचा कागद मागतील, आणि प्राचार्य बदलले की जुन्या फायली कोणी उघडत नाही. पत्रं मिळाली की लीजच्या कराराची प्रतही मला पाठवा, मित्राशी बोलण्याआधी ती एकदा वाचतो.