पोलादपूर–महाबळेश्वर–सुरूर रस्ता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हा राज्यमार्ग नेमका कुठून कुठे जातो? गाडीरस्ता होण्याआधी लोक कोकणात कसे उतरत? – एक वाचक, सातारा

पोलादपूरला मुंबई–गोवा महामार्ग सोडायचा, आंबेनळी घाट चढून वाडा-कुंभरोशी गाठायचं. प्रतापगडाचा फाटा तिथेच. पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे 40 किलोमीटर. पुढे पाचगणी 19, मग पसरणी घाटाने वाई आणि शेवटी सुरूरला पुणे–सातारा महामार्ग.

आधीची वाट पार घाटाची. 1659 मध्ये अफजलखानाचा तळ पडला तो याच पार गावाजवळ. चाकाची गाडी या घाटातून जात नसे. ती सुटी करून, भाग बांबूंना टांगून माणसं खांद्यावरून चढवत-उतरवत. 1864 मध्ये कराड–चिपळूण वाटेवरच्या कुंभार्ली घाटाचा रस्ता झाला, 1876 मध्ये आंबेनळीचा. त्याला तेव्हा गव्हर्नरच्या नावाने फिट्झगेराल्ड घाट म्हणत. भरलेली गाडी बैलांना ओढता यावी म्हणून चढ सौम्य ठेवला, त्यामुळे वळणं वाढली. ही वळणं कापून रस्ता सरळ करा, अशी मागणी होते. पण तसं केलं तर चढ तीव्र होईल आणि डोंगर आणखी फोडावा लागेल. आमच्या मते वळणं आहेत तशीच राहू द्यावीत.

प्रश्न : आंबेनळीत पावसाळ्यात दरडी का येतात? रस्ता खचणार हे आधी कळतं का? – एक वाचक, महाड

माथ्यावर जांभा, खाली काळा पाषाण आणि मध्ये मऊ थर. जांभ्यातून मुरलेलं पाणी पाषाणावर अडतं, आडवं सरकतं आणि कड्यातून बाहेर पडतं. मधला थर भिजून ढिला झाला की वरच्या दगडाचा आधार जातो. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या घाटात दरडी कोसळल्या, रस्ता वाहून गेला.

खचण्याची सुरुवात मात्र डोंगराकडच्या गटारापासून होते. ते बुजलं किंवा मोरीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला, की पाणी डांबरावरून आडवं दरीकडे धावतं. साइडपट्टी धुपते, संरक्षक भिंतीचा पाया उघडा पडतो. भिंतीतली पाणी काढणारी भोकं चिखलाने बंद असतील तर मागे पाणी तुंबून भिंतच बाहेर ढकलली जाते. म्हणून गटारं, मोऱ्या आणि ही भोकं मेअखेर साफ झालीच पाहिजेत. सुटे दगडही तेव्हाच पाडून घ्यावेत.

खूण एकच पक्की : दरीकडच्या कडेला डांबरावर चंद्रकोरीसारखी भेग. भेग आणि दरी यांच्यामध्ये गाडी उभी करू नका. भेग रुंदावत असेल तर त्याच दिवशी सार्वजनिक बांधकाम विभागाला कळवा.

प्रश्न : भेग कळवताना जागा कशी सांगायची? – एक वाचक, वाई

किलोमीटरच्या दगडावरून. राज्यमार्गाच्या दगडाचं डोकं हिरवं, राष्ट्रीय महामार्गाचं पिवळं. दगडावर 12 असेल आणि भेग त्यापुढे 400 मीटरवर असेल, तर ‘किमी 12/400, दरीकडची बाजू’ असं लिहा. ‘मोठ्या वळणाजवळ’ एवढंच लिहू नका. या घाटात तशी वळणं पुष्कळ आहेत.