टायरमधली हवा उन्हाळ्यात कमी करायची का?

मे महिन्यात भरल्या गाडीनं समृद्धी महामार्गानं नागपूरहून मुंबईला जायचंय. रस्ता तापून हवा फुगते, म्हणून पाच पौंड कमीच भरा, असं सगळे सांगतात. – एक वाचक, नागपूर

तसलं काही करू नका. तापल्यावर दाब वाढतो हे खरं, पण हमरस्त्यावर टायर फुटण्यामागे बहुतेकदा कमी हवाच असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी १२० च्या वेगाला हे मिनिटाला हजारएक वेळा घडतं. त्यातून निघणारी उष्णता आतले थर सोडवते. म्हणजे उष्णतेला भिऊन हवा काढणारा माणूस टायर आणखी तापवतो!

धावताना दाब चार-पाच पौंड चढतो, तो कंपनीनं हिशेबात धरलेला असतो. वाटेत थांबून गरम टायरची हवा सोडू नका. निघायच्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना हवा तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरल्या स्टिकरवर असतो. भरल्या गाडीचा वेगळा आणि मागच्या चाकांना सहसा जास्त. टायरवर छापलेला कमाल दाब हा भरायचा आकडा नव्हे. तिथंच चार अंकी तारीखही पाहा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर मी तरी मे महिन्यात त्या रस्त्यावर नेणार नाही.

डिसेंबरात पहाटे टायरचा दिवा लागतो, दुपारी आपोआप विझतो. सेन्सर बिघडला का? – एक वाचक, निफाड

सेन्सर बरोबर आहे, हवाच कमी आहे. दर दहा अंशांना साधारण दीड पौंडाचा फरक पडतो. दुपारचे ३० अंश पहाटे १० वर आले की तीन पौंड गेले. पण दिवा लागायला दाब बहुतेक गाड्यांत २० ते २५ टक्के उतरावा लागतो. ३३ पौंडांच्या टायरला नुसत्या थंडीनं ते होत नाही. तुम्ही दुपारी गाडी फिरवून पंपावर गेला असाल. गरम टायरनं ३३ दाखवले, प्रत्यक्षात होते २८-२९. त्यातून पहाटेचे तीन गेले की दिवा लागणारच. पहाटे मोजून भरा.

महाबळेश्वरला थंडीत हवा वाढवून घ्यावी का? घाटात गाडी जड वाटते. – एक वाचक, मुंबई

गरज नाही. तेराशे-साडेतेराशे मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब दोनएक पौंड कमी असतो, त्यामुळे गेज तेवढं जास्त दाखवतं. पंधरा अंशांची थंडी तेवढंच खाली आणते. फिटंफाट.

जडपणाचं कारण बहुधा मुंबईतच सापडेल. पुढच्या चाकांत हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड होतं आणि वळणावर गाडी बाहेर जाते. मागच्यांत कमी असेल तर शेपूट हलते; पावसात हे जास्त धोक्याचं. एकाच बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचं पंक्चर बघा.

नायट्रोजन भरला की ही कटकट संपते? – एक वाचक, कोल्हापूर

नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. फुकट मिळाला तर घ्या. वाटेत कमी पडला तर वर साधी हवा भरली तरी चालते.