संगणक सुरू करताना मेमरी रिकामी असते, मग ऑपरेटिंग सिस्टिमला मेमरीत आणते कोण?

तुमची शंका रास्त आहे. डिस्कवरची फाइल वाचणे हे ऑपरेटिंग सिस्टिमचे काम, आणि ती स्वतःच डिस्कवर पडून असते. हा पेच मदरबोर्डवरची फ्लॅश चिप सोडवते. पारंपरिक बायोस, म्हणजे त्या चिपमधला यंत्र सुरू करणारा प्रोग्राम, असलेल्या पीसीवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कशी चढते ते पाहू. वीज मिळताच प्रोसेसर ठरलेल्या पत्त्यावरून या चिपमधला बायोस चालवू लागतो. रॅमसुद्धा बायोसने तिचा कंट्रोलर तयार केल्याखेरीज वापरता येत नाही.

मग बायोस डिस्कचा पहिला सेक्टर मेमरीत आणतो. त्याच्या ५१२ बाइटांपैकी ६४ पार्टिशन टेबलाला, म्हणजे डिस्कच्या भागांच्या यादीला, जातात, शेवटचे दोन ५५ आणि एए या खुणेला, म्हणजे प्रोग्रामसाठी जेमतेम ४४६ उरतात. एवढ्यात ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणणारा अख्खा लोडर मावत नाही, म्हणून ग्रब या लोडरचा हा पहिला तुकडा फक्त पुढचा तुकडा कुठे आहे एवढेच जाणतो. बायोसची जागा घेणारे नवे यूईएफआय फर्मवेअर स्वतःच फॅट या फाइल पद्धतीचे पार्टिशन वाचते, त्यामुळे तिथे ही कसरत लागत नाही.

ग्रब संकुचित कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत ठेवतो आणि ते स्वतःला उलगडते. सुरुवातीला इंटरप्ट, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला दिलेल्या हाका, बंदच ठेवलेले असतात, कारण ते हाताळणाऱ्या फंक्शनांचा तक्ता तयार नसताना कीबोर्डने किंवा टायमरने हाक दिली, तर प्रोसेसरने जायचे कुठे? मेमरीची व्यवस्था, प्रोसेसरचा वेळ वाटून देणारा शेड्यूलर आणि टायमर उभे राहिल्यावरच ते उघडतात, आणि नंतर क्रमांक १ ची प्रक्रिया जन्माला येते.

मात्र तुमचा पेच इथे पुन्हा डोके वर काढतो, कारण डिस्कचा ड्रायव्हर बहुधा मॉड्यूल, म्हणजे कर्नलचा सुटा तुकडा, म्हणून त्याच डिस्कवर असतो. त्यासाठी ग्रब कर्नलसोबत इनिट्रॅमएफएस, म्हणजे आवश्यक ड्रायव्हरांची छोटी फाइल प्रणाली, आधीच मेमरीत ठेवून देतो. तिच्या आधारे खरी डिस्क जोडली की ताबा सिस्टिमडीकडे, म्हणजे बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडे, जातो आणि तोच क्रमांक १ ची प्रक्रिया म्हणून चालतो.

तिचे महत्त्व मला एका अपडेटनंतर पटले. बूट पार्टिशन भरल्यामुळे नव्या कर्नलची इनिट्रॅमएफएस तयारच झाली नव्हती, आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस' (मुख्य फाइल प्रणाली जोडता येत नाही) असा संदेश देऊन यंत्र थबकले. संदेशाच्या शेवटी कंसात दोन शून्ये होती, म्हणजे कर्नलला रूट डिस्क ओळखताच आली नव्हती. ग्रबच्या यादीतून मागचे कर्नल निवडून आत गेलो, जुनी कर्नले काढून जागा केली, इनिट्रॅमएफएस नव्याने बनवली आणि यंत्र नेहमीसारखे सुरू झाले.